सहा टाक्यांचं सरकार

मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत सहा घरं आणि गच्चीवर सहा टाक्या. प्रत्येक टाकीच्या झाकणाला कुलूप. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले, तेव्हा तळमजल्यावरच्या अक्कांनी सगळ्या टाक्या एका पाइपने जोडायचं ठरवलं. पाच घरांनी किल्ल्या दिल्या. मी दिली नाही. घरात आई अंथरुणाला खिळलेली. तिचं पाणी कुठल्या समितीच्या मर्जीवर सोडायला मी तयार नव्हतो. अक्का कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पाइप मात्र माझ्या टाकीपर्यंत आणून त्याला तोटी बसवून ठेवली. मी त्याला अतिक्रमण समजत असे.

त्याच महिन्यात मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं. सगळ्या राष्ट्रांवर मिळून एकच सरकार शक्य आहे का, हा विषय. शक्य नाही, हे सांगायला मला तासही पुरला नसता. निघण्याआधी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालता घालता तालीम केली. सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर इतका रंगलो की माझ्या टाकीचा नळ उघडाच ठेवून खाली उतरलो.

शाल आणि नारळ घेऊन परतलो, तर आईला सांभाळणाऱ्या बाई दारातच उभ्या. आईचं अंथरूण खराब झालेलं आणि नळाला थेंब नाही.

"भाषण झालं का?" आईने आतून विचारलं. "झालं असेल तर पाणी बघ."

खांद्यावरच्या शालीसकट मी अक्कांचं दार वाजवलं. गच्चीवर येऊन त्यांनी तळं झालेल्या कुंड्या पाहिल्या.

"अण्णा, तुळशीला पोहायला शिकवताय?" असं म्हणत त्यांनी कुंड्यांची रबरी नळी आपल्या तोटीला जोडली, दुसरं टोक माझ्या टाकीच्या झाकणाशी आणलं आणि हात पुढे केला. "किल्ली."

"बाकीच्या घरांना विचारायला नको?"

"तुम्ही नाही म्हणालात त्याच दिवशी विचारलं. आजींचं पाणी धरूनच हिशोब केलाय सगळ्यांनी. नाहीतर ही तोटी कशाला बसवली असती?"

मी खिशातून किल्ली काढून दिली. व्याख्यानात एकानेही इतका अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता.

थोड्या वेळाने आई कोरड्या चादरीवर, पायांवर माझी शाल घेऊन शांत झोपली. नारळ अक्कांकडे गेला.

व्याख्यानातले मुद्दे मला अजूनही पटतात. किल्ली मात्र अक्कांच्या दारामागच्या खिळ्याला आहे. परत मागावी असं एकदाही वाटलं नाही.