ओटीचे तांदूळ

कळसूबाईच्या शिडीवर चढताना माणसाला डोंगर दिसत नाही, पुढच्याच्या टाचाच दिसतात. दर नवरात्रात मला बायकोच्या भेगाळलेल्या टाचा दिसायच्या. औंदा कुणा शहरातल्या पोरीचे बूट होते. बायको उन्हाळ्यात गेली. तिची देवीची ओटी चुकायला नको म्हणून खण-नारळ घेऊन मी एकटाच चढलो.

वर देवळात माझा हातच चालेना. ओटी बायांनी भरायची, मी आपला बाहेर बसून बिडी ओढायचो. त्या बूटवाल्या पोरीला म्हटलं, "एवढी ओटी भर गं."

"आजोबा, मला नाही येत."

"मग मला तरी कुठं येते?"

शेवटी दोघांनी मिळून भरली. पुजाऱ्याची बायको हसायला लागली. "अहो बाबा, नारळाची शेंडी देवीकडं करा की!"

मग रीतीप्रमाणं पुजारणीनं ओटीतले चिमूटभर तांदूळ माझ्या हातावर परत ठेवले. "घरी आजीला द्या."

मी बरं म्हटलं. देवी ओटीतलं थोडं माघारी देते. माणूस नेला की काही देत नाही.

संध्याकाळी चुलीवर एकट्यापुरता भात ठेवला. ते दाणे त्यातच टाकले आणि जेवलो.