गुलाल लागलेलं तिकीट

जुन्या डब्यात माझं एसटीचं एक तिकीट सापडलं. त्यावर गुलालाच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.

लग्नाचं पहिलंच वर्ष. मी माहेरी वाईला निघाले होते आणि गाडीला कंडक्टर आमचे हेच. आमच्या गावात जत्रा होती. गाडी देवळापाशी आली, तर पालखी खालीच. देशमुखांचा हात लागल्याशिवाय ती उचलत नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं. गुरवानं पुकारलं, "देशमुख आलं का?"

ह्यांनी तिकिटांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या आणि खाकीतच उतरले. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. वाजंत्री थांबली. ह्यांनी दांडीला हात लावला आणि पालखी उठली. गुलालात सारं गाव दिसेनासं झालं.

परत येऊन हे नेहमीसारखं म्हणाले, "पुढं सरका, तिकीट घ्या." गुलालाच्या हातानं ह्यांनी मला आणि शेजारच्या म्हातारीला तिकिटं दिली. म्हातारीनं तिचं कपाळाला लावलं. मला हसू आलं.

"हसू नगंस बाई," ती म्हणाली. "देशमुखांचा हात हाय."

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तिकीट डब्यात परत ठेवण्याआधी मी ते कपाळाला लावलं.