कुंकू लागलेली फ्लॉपी

एकोणनव्वद साली प्रतिभाने, म्हणजे माझ्या बायकोने, सौंसरच्या आमच्या घरी पुढच्या खोलीत मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढला. ती खोली एरवी संत्री साठवायची. माझ्या आईने, मनकर्णाबाईने, बजावलं होतं की संत्री उतरायच्या आत एक तरी पोरगी आली पाहिजे, नाही तर खोली रिकामी कर. माझं मत कोणी विचारलं नाही. दोघींच्या मध्ये पडायला मीही खुळा नव्हतो.

क्लासची चौकशी केली ती फक्त बोरगावच्या नत्थूजींनी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मुलीला, पुष्पाला, घेऊन येणार होते. प्रतिभा त्यांना पडद्यावर मराठी दाखवणार होती. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागे. तो नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटत. तो एका फ्लॉपीवर होता, नक्कल दुसरीवर. प्रतिभा दोन्ही फ्लॉप्या जिवापाड जपे. मशीनचा जीव यांच्यातच आहे, हे आईने बरोबर ताडलं.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. विळा, वखर, तराजू, माझा पेन. आईने फ्लॉप्याही पाटावर मांडल्या आणि पाकिटाच्या खिडकीतून आतली चकती जिथे चमकते, नेमकं तिथेच ओलं कुंकू लावलं. दोन्हींना. एकीला लावून दुसरीला कसं सोडायचं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर चिन्हांचा बाजार भरला. मशीन खरखरलं आणि पहिली फ्लॉपी कामातून गेली. प्रतिभाने दुसरी घातलीच नाही. उजेडात धरून तिच्यावरचं कुंकू पाहिलं आणि कात्री आणली. पाकीट कापून चकती काढली, नळाखाली धुतली, मलमलीने टिपून वाळवली आणि एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट रिकामं करून त्यात सरकवली. मशीनच्या आतलं वाचणारं टोक स्पिरिटने पुसलं. आई दारात उभी होती. प्रतिभा तिला काहीच बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मराठी उमटली. तेवढ्यात नत्थूजी पुष्पाला घेऊन आले. त्यांनी पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं, छान म्हणाले आणि तरी उठायला लागले. उद्या पोरीच्या हातून हे बिघडलं तर तिला बोल लागेल, एवढीच त्यांची भीती होती.

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "म्याच बिघडवलं होतं काल. इनं धुऊन नीट केलं. मले एका शब्दानं बोलली नाही, तं तुमच्या पोरीले कायले बोलन?"

आईने चूक कबूल केलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिचा फार अभिमान वाटला. बोलून दाखवला नाही. तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

नत्थूजींनी बशीतला चहा संपवला.

"बस मंग," ते पुष्पाला म्हणाले.