चूलबंद आवतण

कळमन्याच्या गल्लीतून प्रताप नगरात राहायला जायचं म्हणजे नागपूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, यापलीकडे काही नाही. पण सिंधूताईंचं सामान टेम्पोत चढलं, त्या दिवशी गल्लीतल्या बायका अशा काही रडल्या की टेम्पोवाल्याला वाटलं, ही बाई परदेशात निघाली. सिंधूताई मात्र रडल्या नाहीत. मुलगा अंकुश सरकारी कचेरीत कारकून, सून मेघा शाळेत शिक्षिका; त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं आणि म्हाताऱ्या मायबापांना एकटं ठेवायला ती दोघं तयार नव्हती. यात रडण्यासारखं काय होतं? सिंधूताईंनी पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी घर बदलून राहिली, गल्ली नाही. एक पौर्णिमा चुकवणार नाही, कोणाचं सुखदुःख चुकवणार नाही. लिहून ठेवा."

कुणी लिहून ठेवलं नाही, पण शब्द त्यांनी पाळला. पंधरा महिने पाळला. पौर्णिमेला दुपारी पांढरं लुगडं नेसायचं, सुभाषनगरवरून मेट्रो धरायची, शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, तिथून ऑटो, आणि वंदना सुरू व्हायच्या आत विहारात. जाताना वाटेत चांगल्या दुकानातून अर्धा किलो पेढे. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन असो, सिंधूताई आणि त्यांचे यजमान चंद्रभानभाऊ हजर. परत येताना पावणेआठची मेट्रो, कारण त्यानंतर घरी जेवायला उशीर होतो आणि मेघा वाट पाहत बसते.

चंद्रभानभाऊंची तऱ्हा वेगळी. चौतीस वर्षं कळमना बाजारात त्यांनी धान्याची पोती तोलली होती. आता तोलायला काही उरलं नाही, म्हणून रोज पहाटे पाच वाजता चाळीस जणांना गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवायचा. दोन दिवस उत्तर आलं नाही की फोन लावायचा, "जिता हायेस ना गा?" समोरचा शिव्या घालायचा, भाऊ खूश व्हायचे. त्यांची मैत्री अशी स्वस्तात चालायची, आणि सिंधूताईंना त्याचा मनातून हेवा वाटायचा.

असं सगळं नीट चाललेलं असताना चैत्रात एके दिवशी सिंधूताईंच्या मोबाइलवर लग्नाची पत्रिका आली. तुळसाबाईच्या नातवाचं, रोशनचं लग्न. वर बुद्धाचं चित्र, खाली हॉलचं नाव, वेळ, 'सहकुटुंब यावे'. रोशननेच पाठवली होती. या रोशनला सिंधूताईंनी सव्वा महिन्याचा होईपर्यंत आपल्या हाताने न्हाऊ घातलं होतं. आणि तुळसाबाई म्हणजे तर गल्लीतलं समोरचं दार. चाळीस वर्षं दोघींचं एकमेकींवाचून पान हललं नव्हतं.

सिंधूताई पत्रिका बघत बसल्या. मेघा म्हणाली, "किती छान आहे हो आई!" सिंधूताईंचा चेहरा उतरला होता.

मेघाला ते कळणं शक्य नव्हतं. त्या गल्लीची रीत अशी, की छापलेली पत्रिका बाहेरच्यांना जाते. गल्लीतल्यांना आवतण तोंडी. हॉलमधलं लग्न सगळ्या जगाचं; हळदीच्या दिवसाचं जेवण मात्र गल्लीचं, आणि त्याचं बोलावणं करायला घरची मोठी बाई स्वतः दारोदार जाते. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगते, "उद्या चूलबंद." म्हणजे त्या घरात उद्या चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, आमच्याकडे राबायचं, आमच्याकडे जेवायचं. हे आवतण दारातच द्यायचं. नळावर सांगितलेलं, रस्त्यात सांगितलेलं कुणी धरत नाही. सांगणारी बाई बसत नाही, पाणीही घेत नाही, कारण पुढची घरं वाट बघत असतात. आणि ज्याला पत्रिका गेली, त्याला चूलबंद नाही. असं दोन्ही कुणालाच मिळत नाही.

"कार्ड आलं ना, मंग झालं," चंद्रभानभाऊ म्हणाले. "हॉलमंदी जाऊ, आशीर्वाद देऊ, जेवू."

"तुम्ही जा हॉलमंदी," सिंधूताई म्हणाल्या. "मी उद्या तुळसाकडे जाऊन राहिली. मले तिच्या तोंडून ऐकाचं हाये, मी कोण हावो ते."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पौर्णिमा नव्हती, काही नव्हतं, एप्रिलचं ऊन मात्र होतं. तुळसाबाई पडवीत गहू निवडत बसल्या होत्या. शेजारची सरिता सूप घेऊन मदतीला. सिंधूताईंना बघताच सरिता पटकन उठली आणि आतून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. सिंधूताई बसल्या आणि पेढ्यांचा डबा तुळसाबाईंच्या हातात दिला. मग विचारलं, "मले कार्ड काहून पाठवलं वं?"

"रोशननं पाठवलं. साऱ्याईले पाठवलं."

"सरिताले पाठवलं?"

"सरिता गल्लीतली हाये," तुळसाबाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांनाही कळलं काय बोलल्या ते. सरिताचं सूप थांबलं.

"अन् मी?" सिंधूताईंचा आवाज चिरकला. "पंधरा महिन्यांत एक पौर्णिमा चुकवली असन तर सांग!"

तुळसाबाई तोंडाने कधीच गोड नव्हत्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला. "नाही चुकवली. आली ना तू. दर खेपेले पेढे घेऊन आली, खुर्चीवर बसली, घड्याळ पाह्यलं अन् गेली. सरिताच्या सासऱ्याच्या पुण्यानुमोदनाले दीडशे माणूस जेवलं. भांडे कोणं घासले, तुले मालूम हाये? पाव्हण्याले कार्डच जाते, सिंधू. चूलबंद सांगतलं का कामाले बोलवा लागते. तुले मी कामाले कशी बोलवू? तुझी मेट्रो राहते."

"तुम्हीच खुर्ची टाकता!"

"तू बसते म्हणून टाकतो."

सिंधूताईंच्या कानशिलात कुणी ठेवून दिल्यासारखं झालं. राग आला, लाजही वाटली, आणि यातलं जास्त काय ते त्यांना ठरवता येईना. उठावं आणि सरळ निघून जावं, परत या गल्लीचं तोंड बघू नये, असंही एकदा मनात आलं. पंधरा महिने आपण हजेरी लावली आणि हजेरी म्हणजेच नातं असं धरून चाललो. आणि चंद्रभानभाऊ? ते इथे आले की थेट ओट्यावर टेकायचे. कुणीतरी लगेच त्यांच्या हातात मांडवाची दोरी नाहीतर बिघडलेला बल्ब द्यायचं. त्यांना कधी कुणी खुर्ची दिली होती? सिंधूताईंना आठवेना.

त्या उठल्या खऱ्या, पण गेल्या नाहीत. खुर्ची भिंतीशी सरकवली, पदर खोचला आणि सरिताच्या हातातलं सूप काढून घेऊन जमिनीवर बसल्या.

"रोट्या कोण करून राह्यलं हळदीले?"

"केटरर," तुळसाबाई म्हणाल्या. "माठावर लंबी रोटी टाकाले आता कोणाले येते? दोघी-तिघी होत्या, त्याइचे हात दुखते."

"केटररले नाही म्हण."

"तुले जमन का आता? गॅसवर फुलके करू करू हात गेला असन तुझा."

सिंधूताई गहू पाखडत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी पावणेआठची मेट्रो सोडली. सगळे गहू निवडून झाले, ओलवून कापडावर पसरले, तेव्हाच निघाल्या. आवतणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कामाच्या बदल्यात मागून घ्यायची ती गोष्टच नव्हे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण काम सोडायचं नाही, हे मनाशी पक्कं झालं होतं. पुढचे चार दिवस त्या रोज गेल्या, रिकाम्या हाताने. पेढ्यांच्या दुकानाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. गव्हाचं पीठ दळून आणलं, कापडातून गाळलं. तिसऱ्या दिवशी तुळसाबाईंनी मागच्या अंगणात नेऊन दाखवलं: चुलीवर पालथा घातलेला मातीचा मोठा माठ. घर सोडताना फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार म्हणून सिंधूताईंनीच तो तुळसाबाईंच्या हवाली केला होता. पंधरा महिन्यांत त्याला एक चीर गेली नव्हती.

"ठेवला वं तू?"

"टाकणार थोडी होती. लाव आता हात."

सैल, लोण्यासारखी कणीक. ती आपटायची, मळायची, पुन्हा आपटायची; मग गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि पातळ झाला की तापलेल्या माठावर एका झटक्यात पसरायचा. पहिली रोटी सिंधूताईंच्या हातावरून घसरून मातीत पडली. सरिता हसली. दुसरी मधोमध फाटली. तिसरी माठावर गेली ती गोळा होऊनच. तुळसाबाईंनी कणकेची परात पुढे सरकवली. सिंधूताईंनी बांगड्या काढून ठेवल्या, हात पुन्हा ओले केले. सहावी रोटी माठावर अलगद उतरली आणि कडेपर्यंत पसरली. हातावरची लव जळल्याचा ओळखीचा वास आला. सिंधूताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाल्या.

चौथ्या दिवशी, शनिवारी, निघताना तुळसाबाई म्हणाल्या, "उद्या येऊ नको तू. उद्या काही काम नाही."

सिंधूताई मेट्रोत बसल्या आणि हिशोब आपोआप जुळला. हळद सोमवारी. म्हणजे आवतण फिरायचं ते उद्या, रविवारी. आणि नेमकं उद्याच येऊ नको! तुळसाबाई दारोदार फिरणार, तेव्हा आपण पडवीत काम करत बसलेल्या बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून. चार दिवस राबून झालं, तरी नाही म्हणजे नाही.  आज सोबत आलेले चंद्रभानभाऊ बाजूला बसून कुणाचा तरी फोटो पुढे पाठवत होते.

"सोमवारी पहाटे मी जाऊन राहिली," सिंधूताई म्हणाल्या. "साऱ्या रोट्या मी टाकीन. अन् जेवल्याबिगर परत येईन. आवतन नाही तर जेवण नाही. पण काम माझं हाये, ते मी कोणाले देणार नाही."

"पागल झाली का तू?" भाऊ म्हणाले. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "बरं. मी बी जेवणार नाही मंग."

रविवारी अकराच्या सुमाराला मेघाने कुकर लावला होता. अंकुश पेपर वाचत होता. दारावर थाप पडली. बेल असताना थाप, तीही दणदणीत. सिंधूताईंनी दार उघडलं. बाहेर तुळसाबाई. कोरं पांढरं लुगडं, चेहरा घामाने डबडबलेला, एका हाताने भिंत धरलेली. मागे रोशन, हसू दाबत उभा. ज्या बाईने आयुष्यात सीताबर्डी ओलांडायची म्हटली तरी चार माणसं सोबत घेतली, ती बाई मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर उभी राहिली होती. "डोळे मिटून उभी होती आजी," रोशन म्हणाला. "हात एवढा घट्ट धरला का रगत थांबलं माह्यं."

"चूप," तुळसाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, उंबऱ्याबाहेर दोन्ही पाय जुळवून उभ्या राहिल्या आणि गल्लीत सांगतात तशा खणखणीत आवाजात बोलल्या. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

"सिंधू, उद्या आमच्या रोशनची हळद हाये. तुमच्या घरी चूलबंद. लहानथोर साऱ्याईनं या. माठ मी पेटवून ठेवीन, तू सहाले पोहोच."

सिंधूताई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. मग एकदम त्यांनी तुळसाबाईंचा हात धरला. "आत ये वं आधी. उन्हाची आली. घोटभर पाणी तरी..."

"आवतन सांगाले निघालेली बाई कोणाच्या घरी पाणी पेते का?" तुळसाबाईंनी हात सोडवून घेतला. "इसरली का काय साऱ्या रीती? अजून बावीस घरं हायेत. तुझं लांब, म्हणून तुझ्यापासून सुरुवात केली."

आणि त्या खरंच वळल्या. लिफ्ट नको म्हणाल्या, एका दिवसात तेवढं पुरे झालं. रोशनचा खांदा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. सिंधूताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि तीन मजल्यांचा आवाज संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग घरात आल्या. चंद्रभानभाऊ मोबाइलवर कुणाला तरी फोन लावून सांगत होते, "चूलबंद आलं गा! घरी येऊन सांगतलं!"

सिंधूताई कुणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याखाली वाकल्या आणि गॅसचं बटण फिरवून बंद केलं.

"आई," मेघा घाबरून म्हणाली, "चूलबंद उद्या आहे ना? आज भात तरी होऊ द्या."