राजाचा पाण्याचा टोप

मी बी.एस्सी. झालेली बाई. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी हसून उडवून लावते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही रोह्याला लागून वरसे गावात राहतो. नवरा कंपनीत शिफ्टला. आमचा कुत्रा राजा सासूबाईंनी लहानाचा मोठा केला. आता त्या पेणला मोठ्या दिरांकडे असतात. गेल्या वर्षी राजाला ॲलर्जी झाली, खाजवून खाजवून पोट लाल. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी द्यायला सांगितली. "तहान वाढेल, लघवी जास्त होईल. पाणी तोडू नका," असंही बजावलं. मी मान डोलावली आणि विसरले.

चार दिवसांत राजा टोपच्या टोप पाणी संपवायला लागला. घरभर लघवी! एका दुपारी नुकतीच पुसलेली फरशी त्याने पुन्हा ओली केली आणि माझं डोकंच फिरलं. लाटण्याने त्याच्या पाठीत एक हाणला, टोप उचलून मोरीत पालथा घातला. तो ओरडलासुद्धा नाही. कोपऱ्यात धापा टाकत बसला.

तासाभरात पेणहून सासूबाईंचा फोन.

"माझ्या घशाला कोरड पडलीय गो. चार तांबे प्यायले, तहान भागत नाय. राजाला पाणी हाय ना?"

गोळ्यांचं त्यांना आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. धावत जाऊन टोप भरला. राजा पीत होता आणि फोनवर त्या म्हणाल्या, "हां... आता बरं वाटतंय."

रात्रपाळी करून झोपलेला नवरा आवाजाने उठला. "गोळी तर मी देतो रोज, घरी आल्या आल्या. तरी असा का करतो हा?"

मीही देत होते — तो झोपल्यावर! कंपनीत शिफ्ट बदलताना सगळं वहीत लिहून देणारा हा माणूस, आणि घरात दोघांनी एकमेकांना साधं विचारलं नाही. डॉक्टर चांगलेच रागावले, पण डोस मार्गी लावून दिला. राजा सावरला.

सासूबाईंची शुगर तपासली, नॉर्मल. योगायोग असेल, मी स्वतःला समजावलं.

दिवाळीत त्या आल्या. राजाला कुरवाळत हळूच म्हणाल्या, "त्याला परत मारू नको गो. माझी पाठ अजून दुखते."

लाटण्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तेव्हा मी तेल कोमट केलं आणि त्यांची पाठ चोळत बसले. राजाची माफी आणखी कशी मागायची, कळेना.