‘आपला’ सण कोणता?

त्या डिप्टीसाहेबाचा मला अजून राग येतो. आता तो कधीच गेला असेल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंतपणी माणसानं तशी सोय तरी ठेवावी ना!

मी मूळची अमरावतीची. पासष्ट-सदुसष्टच्या काळात अकोल्याच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवत होते. शाळा तपासायला साहेब यायचे, त्यांना आम्ही डिप्टी म्हणत असू. डिप्टी येणार म्हटलं की आमचे हेडगुरुजी अख्खी शाळा दोनदा झाडून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात रमजान ईद आणि संक्रांत पाठीला पाठ लावून आल्या. नाताळही नुकताच होऊन गेला होता. म्हटलं, चला, आयताच धडा मिळाला. पोरांना सांगितलं, थंडीत तुमच्या घरी काय करतात ते सांगायचं, आणि खायचं काही असेल तर घेऊन यायचं. खायचं म्हटल्यावर काय विचारता! तिळाचे लाडू तर इतके आले की शिपाईमामाच्या घरी पाठवावे लागले. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मुलानं नाताळच्या करंज्या आणल्या, तर अर्धा वर्ग ओरडला, “बाई, यानं आमच्या दिवाळीच्या करंज्या चोरल्या!”

“गप बसा रे,” मी म्हटलं, “करंजी काही कोणाच्या बापाची नाही.”

एक मुलगा रिकाम्या हातानं आला होता. म्हणाला, “आमच्या घरी आता संक्रांत नाई बाई. आमी बौद्ध झालो.” मग हिवाळ्यात काय करता? तर म्हणाला, डिसेंबरात एका दिवशी सगळे पांढरे कपडे घालतात, मेणबत्त्या लावतात, अन् त्या दिवशी माय रडते. तो काही सण नव्हता, पण हिवाळा त्याचाही होता. मी तेही फळ्यावर लिहिलं.

आणि शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली ती पिंजाऱ्याची मुलगी. तिचा बाप थंडीभर दारोदार फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचा. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली माणसं, घरात बोलणं अस्सल वऱ्हाडी. पोरीला उर्दू शाळेत घाल, असं भाईबंद त्याला सांगून थकले. पण त्याचा एकच हेका, मराठीच शाळा. त्याला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. सुटीच्या दिवशी पोरगी बरोबर जायची आणि जठारपेठेतल्या घरांवरच्या पाट्या त्याला वाचून दाखवायची. घरात वाचणारी ती पहिलीच. त्याला तिचं कोण कौतुक!

फळ्यावर मी मथळा लिहिला होता, ‘आपले हिवाळ्याचे सण’. एका पोरानं विचारलं, “आपले मंजे कोनाचे, बाई?” फार चांगला प्रश्न. मी समजावलं, ‘आमचा’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपला’ म्हटलं की तोही आत आला. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या घरच्यांचा. आपला म्हणजे माझाही आणि तुझाही. पोरांना चटकन कळलं. शिरखुर्म्याचा डबा चाटूनपुसून साफ केल्यावर तर काही कळायचं राहिलंच नाही.

हेडगुरुजींनी फळा पाहिला आणि त्यांना भर थंडीत घाम फुटला.

“बाई, साहेब येऊन राहिले. आपला सण संक्रांत. बाकीचे खाली लिहा, ‘इतरांचे सण’ म्हणून.”

“इतर म्हणजे कोण?” मी म्हटलं. “मला तर वर्गात सगळे आपलेच दिसतात.”

“तुमी अमरावतीवाले लय वाद घालता बाप्पा,” असं पुटपुटत ते गेले. मी मथळा पुसला नाही.

डिप्टीसाहेब आले. पुण्याकडचे. आमच्या पोरांचं बोलणं कानावर पडताच त्यांच्या कपाळाला आठ्या. फळ्याकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी विचारलं, “सांगा मुलांनो, थंडीतला आपला सण कोणता?”

पिंजाऱ्याच्या पोरीचा हात सगळ्यांच्या आधी वर. “ईद!”

साहेब हसले. “अगं, ईद तुमची. आपला कोणता?”

ती जरा गोंधळली. मग शहाण्यासारखी म्हणाली, “आपला मंजे तुमचाबी अन् माझाबी. तेच तं सांगतलं न मी!”

अहो, काय चुकलं तिचं? व्याकरण काढा अन् दाखवा मला! साहेबाच्या ‘आपला’मध्ये ती बसतच नव्हती, हे तिला कोणत्या पुस्तकात सापडणार होतं? मी तोंड उघडलं, तसा साहेबांनी मला हातानंच थांबवलं आणि हेडगुरुजींना विचारलं, “हिला उर्दू शाळेत का नाही घातलं?” एवढं बोलले, चहा प्यायले आणि निघून गेले.

गुरुजींना तेवढा इशारा पुरे होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बापाला बोलावलं. खांद्यावर पिंजण, एका हातात पोरीचा हात, असा तो आला.

“दाखला देतो,” गुरुजी म्हणाले, “उर्दू शाळेत घाला हिले. तिथं तिचे सण शिकवतात.”

बापाचा चेहराच उतरला. “गुर्जी, पोट्टीले उर्दूचं एक अक्षर येत नाई. पुन्हा पहिलीत बसवतीन तिले. घरातबी कोनाले येत नाई. ठेवा न इथंच.”

मला राग आवरेना. म्हटलं, “तिचं उत्तर बरोबर होतं. चुकला असेल तर प्रश्न चुकला. खरं उत्तर दिलं म्हणून पोरीला शाळेतून काढता? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “साहेब पुन्हा आले अन् हिनं पुन्हा तेच सांगितलं, तर?”

तेवढ्यात पोरगी पुढं झाली. कविता म्हणायला उभं राहतात तशी हात मागे बांधून उभी राहिली आणि घडाघडा म्हणाली, “आपला सण संक्रांत. ईद आमची.” आणि लगेच, “आता राहू काय इथं, गुर्जी?”

गुरुजींनी मान हलवली, तशी ती उड्या मारत वर्गाकडे पळाली. बाप खाली मान घालून पिंजणीची दोरी चाचपत राहिला. गुरुजी मात्र खूश. माझ्याकडे वळून म्हणाले, “शाब्बास! पाहा बाई, शिकवलं की येतं पोरांना.”

माझं कौतुक करत होता तो माणूस. माझं!