बिनबशीचा कप

फुसाए आदाचीने जन्मभर पाहुणे सांभाळले, आणि घरी राहायला आलेली एक पोर मात्र तिला सांभाळता येईना.

जपानातल्या तामात्सुकुरीच्या गरम झऱ्यांवर जुन्या वळणाचं एक पाहुणघर होतं. फुसाएची आई तिथे कामाला होती, आईमागून फुसाए लागली. गुडघ्यांवर बसून दार दोन्ही हातांनी सरकवायचं, पाहुण्याने मागायच्या आत हवं ते समोर ठेवायचं, तो जेवत असताना आपण टेकायचं नाही, आणि सकाळी त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभं राहून हात हलवायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकीणबाई नव्या पोरींना सांगायच्या, "फुसाएकडे बघून शिका. पाहुण्याला तहान लागलीय हे त्याच्याआधी हिला कळतं." पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने काम सोडलं, पण कामाने काही तिला सोडलं नाही. मात्सुएतल्या स्वतःच्या घरातसुद्धा दार वाजलं की तिची पाठ आपोआप वाकायची.

नवरा शोझो, बस चालवून निवृत्त झालेला. बोलायचा कमी, पण बोलला की टोचायचा. एकुलता एक मुलगा ओसाकाला. नववर्षाला यायचा, पोटभर झोपायचा आणि जायचा. बाकी वर्षभर घरात बोलणारा काय तो टीव्ही. म्हणून गावातल्या भाषाशाळेच्या काजितानीबाई परदेशी विद्यार्थ्यांसाठी घरं शोधताहेत असं कळलं, तेव्हा फुसाए आपण होऊन नाव द्यायला गेली.

गेल्या वर्षी कॅनडाची एक मुलगी आली होती. फुसाएने तिच्यासाठी जिवाचं रान केलं. दोन आठवडे झाले नाहीत तोच मुलगी सामान घेऊन होस्टेलवर गेली. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुम्ही फार म्हणजे फारच चांगल्या आहात." मी एवढी चांगली आहे तर मग जातेस कशाला, हे विचारायची इथे रीत नाही आणि सांगायचीही नाही. शेजारच्या हामादाबाई मात्र कुंपणावरून म्हणाल्याच, "होस्टेलच्या खोल्या म्हणे फार छान आहेत हो." मीठ चोळायला जखम कुठे आहे, हे त्या बाईला बरोबर सापडायचं.

यंदा काजितानीबाईंनी पुन्हा विचारलं. "या खेपेला जमलं तर उत्तमच," त्या हसून म्हणाल्या, "नाहीतर मग आम्ही तुम्हाला उगाच त्रास देणार नाही." म्हणजे नाव कापणार. फुसाएला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलगा गेला, ती मुलगी गेली. आता हीही गेली तर या घरात माणूस टिकत नाही, आणि त्याचं कारण आपणच, हे एकदाचं कबूल करावं लागणार होतं.

एप्रिलात निगोरा आली. उझबेकिस्तानातल्या फरगानाची, एकोणीस वर्षांची, जाड वेणीची, गालांवर खळ्या पडणारी. दोन वर्षं पुस्तकांतून जपानी शिकलेली. येताना आईने भाजलेला ताटाएवढा गोल पाव फडक्यात बांधून आणला होता. मधोमध ठशांची नक्षी, वर तीळ. फुसाएने तो दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून घेतला आणि रीतीप्रमाणे थेट देव्हाऱ्यात, सासू-सासऱ्यांच्या तसबिरींपुढे नेऊन ठेवला. एवढ्या लांबून आलेली वस्तू लगेच खाली कशी काढायची, म्हणून तो तिथेच राहिला. शोझो म्हणाला, "आमच्या आईचे दात तर ती असतानाच पडले होते. तिला चावायचा का हा?"

"तुम्ही गप्प बसा," फुसाए पुटपुटली.

मग सुरू झाली सरबराई. घरातली सगळ्यात उजेडाची खोली निगोराला. न्हाणीतलं गरम पाणी भरलं की पहिला मान निगोराचा. जेवायला वरच्या फळीवरचा सोनेरी कडेचा पाहुण्यांचा वाडगा, आणि जेवायच्या काड्या दर वेळी कोऱ्या, कागदात गुंडाळलेल्या. जेवण झालं की त्या टाकून द्यायच्या. शोझोच्या काळ्या काड्या, फुसाएच्या तांबड्या, मुलाच्यासुद्धा खणात जपून ठेवलेल्या. निगोराच्या तेवढ्या रोज केरात. पाहुण्याला कुणाच्या वापरलेल्या काड्या द्यायच्या नसतात, एवढं साधं फुसाएला आईच्या पोटातूनच ठाऊक होतं. ती स्वतः मात्र जेवायला बसायची नाही. स्वयंपाकघर ते टेबल, टेबल ते स्वयंपाकघर. निगोराने उठून बशी उचलायला हात घातला की ती जवळजवळ लोटांगणच घालायची, "छे छे! आपण बसावं. आपण का म्हणून तसदी घ्यावी?"

बोलणंही सगळं पाहुणघरातलं. "आपल्याला आणखी थोडा भात घेण्याची कृपा करता येईल का?" बिचाऱ्या निगोराच्या पुस्तकात हे कुठे असायला! प्रश्नाच्या शेवटी आवाज चढला की ती म्हणायची, "हो." लगेच वाडगा भरून यायचा. पहिल्या रात्री ती चार वाडगे भात जेवली आणि पोट धरून झोपली. फुसाए खूश होती की पोरीला जेवण आवडलं.

रोज सकाळी फुसाए फाटकात उभी राहून कोपऱ्यापर्यंत हात हलवायची. निगोरा तीनतीनदा मागे वळून वाकायची, मग बससाठी धावत सुटायची. दुपारी परत आली की शाळेत शिकवल्याप्रमाणे दारातून म्हणायची, "त्रास देते. आत येऊ का?" आणि फुसाए ओले हात पुसत धावायची, गुडघ्यांवर बसायची, "यावं, यावं! आपलं स्वागत असो."

"घर आहे की पाहुणघर?" शोझो वर्तमानपत्राआडून म्हणायचा. "महिन्याअखेर बिलही ठेव तिच्या हातात."

दिवसागणिक निगोराच्या खळ्या दिसेनाशा झाल्या. जेवली की खोलीत, न्हाली की खोलीत. फुसाएला वाटलं, आपलंच काही कमी पडतंय. तिने उशी बदलली, फुलं बदलली, भात आणखी आग्रहाने वाढला.

आणि शुक्रवारी दुपारी काजितानीबाईंचा फोन आला. "निगोराला माझ्याशी थोडं बोलायचंय म्हणे. उद्या सकाळी घरी येऊन जाते."

फुसाएने फोन ठेवला. गेल्या वर्षी हेच शब्द होते.

"चालली ही पण," ती शोझोला म्हणाली.

"अजून बोलली कुठे?"

"बोलायला कशाला हवं?"

मग तिने बाजारातून मोठा लाल मासा आणला. जायचंच असेल तर जाऊ दे, पण शेवटचं जेवण तरी असं करीन की नाव काढेल. पण शाळा सुटायची वेळ झाली, टळली, आणि निगोराचा पत्ता नाही. सूप गरम केलं, गार झालं, परत गरम केलं. गावच्या तळ्यावरचा उजेड गेला. फुसाए कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, पुन्हा गेली. चुकीच्या बसमध्ये बसली असेल का? धड विचारताही यायचं नाही तिला. त्या गडबडीत चुलीवरचा मासा जळाला. आत्तापर्यंत होस्टेलची भीती होती, ती कुठल्या कुठे पळाली. पोर धडधाकट दारात उभी राहू दे, मग खुशाल कुठेही जाऊ दे, एवढंच तिच्या मनात राहिलं.

तेवढ्यात दार सरकलं. "त्रास देते. आत येऊ का?"

आणि फुसाएच्या तोंडून पाहुणघर निघालंच नाही. निघाली ती तिच्या आईच्या खेड्यातली बोली.

"कुठे तडमडली होतीस गं इतका वेळ? फोन काय शोभेला दिलाय? माझा जीव टांगणीला लागला इथे! सूप किती वेळा गरम करायचं माणसाने? माशाचा कोळसा झाला! आणि त्रास देते काय, त्रास देते? आपल्याच घरात शिरताना कुणी विचारतं का असं? हो आत! आधी हात धू!"

फुसाएने दोन्ही हात तोंडावर घेतले. एवढ्या वर्षांत पाहुण्यापुढे तिचा आवाज एकदाही चढला नव्हता. निगोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तशी फुसाए मट्‌कन खाली बसली. "माफ करावं, आपण मला माफ..."

"नको, नको!" निगोरा रडता रडता हसायला लागली. "मला कळलं! सगळं कळलं! पहिल्यांदाच!" ती बोटांवर मोजून सांगू लागली. "फोन कर. मासा जळाला. हात धू. आमची आई अस्संच ओरडते."

शोझो वर्तमानपत्र बाजूला ठेवून दारापर्यंत आला होता. "पण होतीस कुठे?"

"तळ्यावर. बाकावर." निगोरा शब्द जुळवत राहिली. "मी असले की या बसत नाहीत. जेवत नाहीत. मला वाटलं, मी उशिरा आले की तुम्ही दोघं नीट जेवाल. आजी म्हणते, पाहुणा तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याच्या हातात काम द्यायचं, नाहीतर त्याची टोपी, निघ म्हणून. मला काम नाही दिलं. पाव नाही खाल्ला. काड्या रोज टाकून देता. म्हणून मला वाटलं, टोपी."

पाहुणघरातला प्रत्येक माणूस सकाळी जाणाराच होता. जाणाऱ्याचं कसं करायचं तेवढंच फुसाएला येत होतं, आणि राहायला आलेल्या दोन पोरींना तिने तेच केलं होतं. कॅनडाच्या त्या मुलीचाही आता तिला उलगडा झाला. लाज वाटली, पण लाजेपेक्षा छातीवरचा धोंडा उतरल्याचं सुख जास्त होतं.

"या आवाजाचा सगळा प्रसाद आजवर मी एकट्याने खाल्ला," शोझो निगोराला म्हणाला. "बरं झालं, वाटेकरी मिळाला."

"तो पाव काढा आधी आईंपुढून," फुसाए डोळे पुसत म्हणाली. "आणि तू, बघत काय उभी राहिलीस? मुळा किसायला घे."

पाव दगडासारखा झाला होता. निगोराने तो गुडघ्यावर मोडून सुपात बुडवला. फुसाएने खणातून मुलाच्या शाळेतल्या काड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या, टोकांवर त्याच्या दातांचे व्रण असलेल्या. मग ती बसली. जळका मासा तिघांनी खरवडून खरवडून खाल्ला, आणि निगोराने दुसरा वाडगा भरू दिला नाही. "नको. पोट भरलं," ती ठणकावून म्हणाली. फुसाएला इतका बरा वाटलेला नकार आजवर ऐकल्याचं आठवेना.

सकाळी काजितानीबाई आल्या. त्यांच्यापुढे फुसाएने झाकणाचा पाहुण्यांचा कप ठेवला, लाकडी बशीसकट. निगोरापुढे ठेवला तो शोझोला बस कंपनीत मिळालेला, चित्र उडालेला कप. त्याला बशी नव्हती. काजितानीबाईंनी एकदा त्या कपाकडे पाहिलं.

"तुला काही सांगायचं होतं ना?" त्यांनी निगोराला विचारलं.

"हो. होतं." निगोराने फुसाएकडे पाहिलं. फुसाएच्या हातातली किटली थांबली. कालची रात्र गोड गेली म्हणून काय झालं, रात्री एक बोलून सकाळी दुसरं करणारी माणसं तिने पाहुणघरात ढिगाने पाहिली होती.

"मला होस्टेलला जायचं होतं," निगोरा म्हणाली. "पण आता वेळ नाही. दुपारी कुंपणाचं गवत काढायचंय. नाही काढलं तर त्या ओरडतील."

काजितानीबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. फुसाएने चहा ओतला तो अर्धा कपात, अर्धा टेबलावर.

बाईंना बसस्टॉपवर सोडायला निगोरा गेली. फाटकात उभं राहून हात हलवायचं फुसाए साफ विसरली. दुपारच्या जेवणाचं बघायचं होतं. ती पाठमोरी मुळा सोलत होती तेव्हा दार जोरात सरकलं.

"मी आले!"

फुसाएच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती धावली नाही, गुडघ्यांवर बसली नाही, वळलीसुद्धा नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "चपला सरळ लाव."

दाराशी चपला सरळ लावल्याचा आवाज आला.